झोआ उघडत नाहीयेत! घरच्या रीफ टाकीतले मऊ प्रवाळ

मीठपाणी
नमस्कार मंडळी. ठाण्यात घरी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खाली सम्प (फिल्टरची टाकी), स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), टाकीत दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप). मासे मोजकेच, दोन क्लाउन आणि एक फायरफिश, तिघंही मजेत आहेत. प्रवाळ सगळे मऊ: मोठं टोडस्टूल लेदर (छत्रीसारखं, चामड्यासारखं), मश्रूम, थोडं झेनिया आणि झोअँथिडचे (म्हणजे झोआ, बटणासारख्या जिवांची चटई) तीन-चार रंग.

प्रश्न झोआंचा आहे. गेले काही आठवडे निम्मे पॉलिप, म्हणजे त्यातले एकेक जीव, मिटलेलेच. जे उघडतात तेही अर्धवट, कडेची झालर आत ओढलेली, रंग फिका. त्यात आता लेदरही मिटलंय आणि त्याच्यावर मेणचट थर आलाय.

आकडे: सॅलिनिटी १.०२५, तापमान २६-२७, केएच (अल्कलिनिटी) ८.५, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. दर रविवारी १० टक्के पाणी बदलते. एक जण म्हणतो आयोडीन टाका, दुसरा म्हणतो दिवा बदला, तिसरा म्हणतो मीठ बदला. नक्की सुरुवात कुठून करू?

निळा_दिवा
लेदरची काळजी आधी मनातून काढा. टोडस्टूल अधूनमधून कात टाकतं. आठ-दहा दिवस मिटून बसतं, क्वचित दोन आठवडे. वरचा थर सुटला की पुन्हा फुलतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा मोठं. एकच करा, वेव्हमेकरचं तोंड थोडं फिरवा म्हणजे त्याच्या टोपीवरून पाणी वाहतं राहील आणि थर निघून जाईल. नखाने खरवडू नका.

झोआंचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. या पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, झूझँथेली. प्रकाशावर अन्न तयार करून ते पॉलिपला देतं. पण त्या शैवालालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. पाणी इतकं धुऊन काढलंत तर त्यांनी जगायचं कशावर? मऊ प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. फॉस्फेट शोषणारं मीडिया लावलंय का?

तिखट_मिसळ
थोडक्यात ठाण्याच्या झोआंना चातुर्मास लागलाय. पारणं कधी सोडवताय, मीठपाणीताई?

मीठपाणी
@निळा_दिवा, हो, रिअॅक्टरमध्ये मीडिया आहे. टाकी सुरू केली तेव्हा दुकानातूनच लावून आलं होतं.
@तिखट_मिसळ, पारण्याचा बेत तुम्हीच सांगा :)

केएच_आठ
थांबा, थांबा. मीडिया काढायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, किटवर शून्य आलं म्हणजे टाकीत शून्यच आहे असं नाही. काचेवर हिरवट थर किती दिवसांनी चढतो? चढत असेल तर पोषण येतंय, पण किटपर्यंत पोचायच्या आत शैवाल ते खाऊन टाकतंय. काच आठवडाभर लख्ख राहत असेल तर मात्र खरंच उपासमार आहे.

दुसरी, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) कशाने लावून घेता? बरेच जण आरओच्या पाण्यावर शून्य लावतात. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर लावला पाहिजे, कारण आपल्याला अचूकता त्या टोकाला हवी असते. मी असे १.०२५ पाहिलेत जे प्रत्यक्षात १.०२९ निघाले. तेवढ्यानेही झोआ मिटतात.

आणि सगळं एकदम बदलू नका, ही हात जोडून विनंती. आज मीडिया काढलं, उद्या दिवा वाढवला, परवा मीठ बदललं, तर फरक कशाने पडला हे तुम्हाला कळणार नाही आणि प्रवाळाला रोज नवा धक्का बसेल तो वेगळाच.

निळा_दिवा
@केएच_आठ, शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. काचेच्या मुद्द्यावर मतभेद आहे. काच लख्ख असो नसो, ज्या टाकीत मोजण्याइतकंही पोषण उरत नाही तिथे झोआ फिके पडताना मी वारंवार पाहिलेत. शिवाय दोन्ही आकडे शून्यावर खिळले की डायनोफ्लॅजेलेट यायला वेळ लागत नाही. तो तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर एकदा वाळूवर बसला की महिनोन्‌महिने सतावतो.

मीठपाणी
काच पाच-सहा दिवसांनी पुसते, तीही सवय म्हणून, हिरवं फारसं नसतंच. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणावरच लावते.

ओहोटीवाला
मी टाकी ठेवत नाही, पण झोअँथिड बारा महिने पाहतो, म्हणून लिहितो. मोठ्या ओहोटीला हाजी अली, गिरगाव किंवा जुहूच्या खडकांवर उतरा. झोअँथिडचे पट्टेच्या पट्टे पसरलेले दिसतील, हिरवे, तपकिरी, मधूनच निळसर. पाणी ओसरलं की सगळे पॉलिप मिटतात, अंगावर बुळबुळीत थर धरतात आणि उन्हात पडून राहतात. लाट परत आली की पाहता पाहता उघडतात. पावसाळ्यात त्यांच्यावर गोडं पाणी धो धो कोसळतं, समुद्र गढूळ असतो, त्यात मुंबईचं सांडपाणी. तरी त्यांची वस्ती हलत नाही.

तुमच्या टाकीतलं पाणी त्यांच्या पाण्याशी ताडून पाहा. निळा_दिवा म्हणतात ते मला पटतं. या जिवाला निर्मळ पाण्याची फार ओढ नाही.

केएच_आठ
@ओहोटीवाला, वर्णन सुंदर, पण जपून. किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यात टिकणाऱ्या जाती वेगळ्या आणि दुकानात मिळणारे रंगीत झोआ बहुधा इंडो-पॅसिफिकच्या रीफवरचे. शिवाय समुद्र दिवसातून दोनदा आख्खं पाणी बदलतो, आपण आठवड्याला १० टक्के बदलतो. सांडपाणी सोसतात हे मुंबईच्या झोआंबद्दल खरं असेलही, पण त्यावरून टाकी गलिच्छ ठेवा असा अर्थ कुणी काढू नये.

ओहोटीवाला
मान्य. गलिच्छ म्हणायचं नव्हतं, उपाशी ठेवू नका एवढंच.

कासवमित्र
विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ओहोटीवाल्यांचा प्रतिसाद वाचून कुणी खुरपं घेऊन हाजी अलीला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हलवायच्या ठरल्या, तेव्हा त्यासाठी रीतसर परवानगी काढावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घ्यावी लागली. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून दगडसुद्धा उचलायचा नाही.

झोआ, मश्रूम, लेदर यांची नावं त्या यादीत नाहीत हे मला माहीत आहे. तरी माझं मत असं की ज्याचा उगम सांगता येत नाही तो प्रवाळ घरी आणू नये. समुद्रातून ओरबाडलेला तुकडा वाटेत मेला तर पुन्हा दुसरा ओरबाडला जातो. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर झालं, लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. अशा काळात हा छंद जबाबदारीनेच करायला हवा.

हडसनकाठ
कासवमित्रांचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच मऊ प्रवाळ ही छंदाची सगळ्यात चांगली बाजू आहे, कारण ते घरात वाढवून वाटता येतात. इथे न्यू जर्सीत हौशी मंडळींचे मेळावे भरतात, प्रत्येक जण आपापल्या टाकीतले तुकडे आणतो आणि अदलाबदल करतो. माझ्या टाकीतला एकही झोआ थेट समुद्रातून आलेला नाही.

लेदर कापणं तर सोपं आहे. टोपीच्या कडेचा तुकडा धारदार ब्लेडने एका फटक्यात कापायचा, वाहत्या पाण्यात ठेवायचा, जखम भरत आली की खडकाच्या तुकड्याला रबरबँडने अलगद बांधायचा. मश्रूम तोंडातून उभा चिरला तरी दोन्ही अर्धे जगतात. फक्त ते चिकटत नाहीत, म्हणून दगडांच्या चुरीच्या वाटीत ठेवून वर जाळी लावतात, आपोआप धरतात. कापाकापीच्या दिवशी ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन मात्र लावाच. लेदर आणि सिन्युलेरिया (दुसरं एक मऊ प्रवाळ) पाण्यात टर्पीन नावाची रसायनं सोडतात, शेजाऱ्यांना हटवायला. कापल्यावर ते जास्त सुटतात.

मीठपाणी, तुमचं लेदर झोआंच्या अगदी जवळ आहे का? आणि कार्बन चालू आहे का?

मीठपाणी
लेदर एका टोकाला, झोआ मधल्या खडकावर. कार्बन महिन्याला बदलते.

गारगोटी
मध्येच एक शंका. अंगठीतलं पोवळं याच कुळातलं का? आजोबा मंगळासाठी घालायचे.

निळा_दिवा
@गारगोटी, हो, आणि नातं जवळचं आहे. भूमध्य समुद्रातला तो लाल प्रवाळ आणि आपलं लेदर दोघंही अष्टभुज. भिंगातून लेदरचा एकेक पॉलिप पाहिला तर आठच हात दिसतात आणि प्रत्येक हाताला पिसासारखे बारीक फाटे. झोआ मात्र त्या घरचे नाहीत, त्यांचं नातं कठीण प्रवाळ आणि समुद्रफुलांशी.

तिखट_मिसळ
म्हणजे मीठपाणीताईंकडे लेदर फुललं तर मंगळ शांत झाला समजायचं!

डॉ_शिंपला
थोडं गंभीर लिहिते, कारण वर कापाकापीचा विषय आला. झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ मध्ये हवाईच्या माउई बेटावरच्या पॅलिथोआपासून ते वेगळं काढलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी हे एक. प्रत्येक झोआत असतं असं नाही, पण रंग बघून ओळखता येत नाही, तेव्हा सगळ्यांना सारखंच जपून हाताळा.

नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणे, उकळतं पाणी ओतणे, ब्रशने जोरात घासणे, प्रेशरच्या पाण्याने धुणे, यातलं काही म्हणजे काहीच करायचं नाही. वाफेतून आणि तुषारांतून हे विष श्वासात जातं आणि घरातले सगळेच एकदम आजारी पडतात. तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव, ताप, खोकला, दम लागणे, स्नायू दुखणे अशी लक्षणं काही तासांत दिसू शकतात. डोळ्यात उडालं तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. असं काही झालं तर लगेच घराबाहेर मोकळ्या हवेत या, दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द स्वतःहून सांगा. आपल्याकडे फार थोड्यांनी अशी केस पाहिलेली असते.

हडसनकाठ
धन्यवाद डॉक्टर, हे माझ्या प्रतिसादातच यायला हवं होतं. झोआचा तुकडा करायचाच असेल तर पॉलिपमधून न कापता त्यांच्यामधली चटई कापावी आणि तीही बाहेर ताटात नव्हे, पाण्याखाली धरून. तुषार उडत नाहीत.

वैदर्भी
नागपूरहून लिहितेय. तुमचं २६-२७ वाचून हेवा वाटला. इथे मे महिन्यात बाहेर ४५, घरात कूलर लावूनही टाकी ३० च्या वर जायला बघते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे सोडलेत. इथली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र तेवढंच पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोज वरून आरओ-डीआयचं (सगळे क्षार काढलेलं) गोडं पाणी घालावंच लागतं, मीठ घातलेलं नाही. मी ऑटो टॉप-अप लावलाय. ठाण्यात दमट हवेमुळे पंख्याचा एवढा उपयोग होणार नाही, तिथे एसी नाहीतर चिलर.

पाण्यावरून आठवलं, घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरणाऱ्यांनी टीडीएस मीटर घालून बघा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळलेलं असतं. टाकीसाठी डीआय रेझिन लावून टीडीएस शून्य आणावा लागतो.

भरतीची_लाट
आमच्याकडे रत्नागिरीला उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याची धास्ती. जोराचा वारा सुटला की लाइट गेलेच, कधी परत येतील ते महावितरणच जाणे. प्रवाळांना एक-दोन दिवस अंधार सहज चालतो, पण पाणी थिजलं तर काही तासांत प्राणवायू संपतो. म्हणून इन्व्हर्टरवर दिवा न जोडता वेव्हमेकर जोडा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात ठेवा, अगदी स्वस्त मिळतो.

गारगोटी
आणि डास पळवणारं लिक्विड? आमच्याकडे चोवीस तास चालू असतं. टाकी घ्यायचा विचार आहे म्हणून विचारतो.

केएच_आठ
@गारगोटी, त्या खोलीत नको. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माश्यांना आणि कोळंबी-खेकड्यांना फार घातक असतात, आणि स्किमर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात घुसळतो. टाकीच्या खोलीला जाळी आणि मच्छरदाणी. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा आणि टाकी झाका. धूप-उदबत्तीही टाकीपासून लांब.

मीठपाणी
सगळ्यांचे आभार. एकच बदल केलाय: मीडिया काढलं, माशांना दोन वेळा खायला घालतेय. लेदरचा थर गळून पडला आणि ते पूर्ण फुललंय. निळा_दिवा म्हणाले तसंच, खरोखर आधीपेक्षा मोठं! नायट्रेट ४ दाखवतंय, फॉस्फेट ०.०४. हिरव्या आणि नारिंगी झोआंच्या झालरी बाहेर आल्या, रंगही गडद होतोय. जांभळे मात्र जसेच्या तसे मिटलेले. एकाच खडकावर, एकाच दिव्याखाली, एकाच प्रवाहात. असं का?

निळा_दिवा
एकाच रंगाचे मिटलेले असतील तर पाण्याचा दोष नाही, त्यांना कुणीतरी छळतंय. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च आणि भिंग घेऊन बसा. मिटलेल्या पॉलिपच्या देठाशी बघा, दोन पॉलिपच्या मधल्या फटीत. झोआ खाणारा न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) असेल तर तो पटकन दिसणार नाही. ज्याला खातो त्याचाच रंग अंगावर चढतो आणि पाठीवरचे हात हुबेहूब झोआच्या झालरीसारखे. तसंच काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चपटा शंख दिसतो का ते पाहा, तो सनडायल. तोही झोआ खातो.

मीठपाणी
सापडला!! रात्री टॉर्च तिरपा धरला तेव्हा एक 'पॉलिप' सरकताना दिसला. नखाएवढाही नाही. कडा जांभळ्या, पाठीवर राखाडी धागे. आणि दोन देठांवर पांढऱ्या धाग्याची गोल गुंडाळी, ती अंडी ना?

निळा_दिवा
अंडीच. हातमोजे आणि गॉगल घालून तो प्लग (झोआ चिकटलेली छोटी बैठक) बाहेर काढा. टाकीचंच पाणी बादलीत घेऊन त्यात कोरल डिप (प्रवाळावरची कीड मारायचं द्रावण), बाटलीवर दिलं असेल तेवढा वेळ. मोठ्या सिरिंजने पॉलिपच्या मधून पाणी मारत राहा, न्यूडिब्रँक सुटून तळाशी पडतात. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळा. बादलीतलं पाणी टाकीत परत नाही. डिपने मोठे मरतात, अंडी मरत नाहीत. ती चिमट्याने खरवडून काढावी लागतात, आणि नजरेतून सुटलेल्यांसाठी दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप, सलग तीन-चार वेळा तरी.

केएच_आठ
आणि तोवर जांभळे मोठ्या टाकीत परत नकोत. हिटर आणि छोटा पंप लावलेली वेगळी पेटी करा. हिरवे-नारिंगी ठीक दिसत असले तरी त्यांनाही एकदा डिप द्या.

हडसनकाठ
यापुढे नवीन येणारा प्रत्येक तुकडा आधी डिप, मग काही आठवडे वेगळ्या पेटीत. प्लगही बदलायचा, अंडी बहुधा प्लगच्या खालच्या बाजूला लपलेली असतात.

मीठपाणी
दुसरा डिप काल झाला. पहिल्या वेळी बादलीत तीन पडले होते, काल एकही नाही. अंडी मात्र प्लगच्या खाली अजून एक गुंडाळी मिळाली, हडसनकाठ म्हणाले तिथेच. जांभळ्यांतले सात-आठ पॉलिप आज दुपारी अर्धे उघडलेत. वेगळ्या पेटीत दिवा किती ठेवू? मोठ्या टाकीइतकाच?

निळा_दिवा
निम्म्याने सुरू करा, आठवड्याला थोडा थोडा वाढवा. देठ लांब करून वर ताणले जायला लागले तर प्रकाश कमी पडतोय, दगडाला चपटे चिकटून बसले तर जास्त होतोय. तिसऱ्या डिपनंतर फोटो टाका.